मॅडम बाहेर गेल्या आहेत

बायको वारली त्याच्या सातव्या दिवशी तिच्या मोबाइलवर बँकेतून फोन आला. हॉलमध्ये सतरंजी पसरलेली होती, भेटायला आलेली माणसं चहाचे कप हातात घेऊन खाली मान घालून बसली होती आणि टीव्हीशेजारी ठेवलेला तिचा फोन थरथरत वाजत होता. मी उचलला. पलीकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "मॅडमशी बोलायचं होतं. गृहकर्जाच्या संदर्भात."

मी म्हणालो, "मॅडम बाहेर गेल्या आहेत."

भेटायला आलेल्या एका बाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बिचाऱ्याला अजून खरं वाटत नाहीये, असं त्यांच्या मनात आलं असणार. मला सगळं खरं वाटत होतं. मला फक्त भीती वाटली होती, आणि भीती वाटली की माझ्या तोंडून आधी खोटं बाहेर पडतं आणि विचार मागून येतो. लहानपणापासून हे असंच आहे. मास्तरांनी गृहपाठ मागितला की वही घरी राहिली म्हणायचो, वही दप्तरातच असायची.

फक्त या वेळचं खोटं दहा वर्षं टिकलं.

वारज्याचा फ्लॅट घेतला तेव्हा आमची मुलगी सहा वर्षांची होती. हॉल, स्वयंपाकघर, एक खोली, आणि एक खुर्ची ठेवली की दुसऱ्या माणसाने उभंच राहायचं एवढी बाल्कनी. कर्ज वीस वर्षांचं. बायको एका औषध कंपनीच्या ऑफिसात होती आणि तिचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त होता. मी हडपसरच्या एका कारखान्यात मोजमापाची साधनं तपासतो. कामगार ज्या गेजने तुकडे मोजतात तो गेज बरोबर आहे की नाही हे बघणं माझं काम. म्हणजे केसाच्या जाडीइतकी चूक शोधून काढण्याचा मी पगार घेतो. हे सांगायचं कारण, पुढचं वाचताना या गृहस्थाला अक्कल नव्हती का, असं कोणी म्हणेल. होती. फक्त ती कारखान्यात वापरून संपत असे.

कर्जाच्या अर्जावर बायकोचं नाव पहिलं आणि माझं दुसरं होतं. बाईचं नाव पहिलं असेल तर व्याज किंचित कमी पडतं, हे एक कारण. दुसरं कारण कर्जविभागाच्या साहेबांनीच सांगितलं. माझी पगाराची पावती त्यांनी दोन बोटांत धरली, वाचली आणि म्हणाले, "तुमच्या एकट्याच्या पगारावर एवढं कर्ज बसत नाही हो." सहज बोलले. बायको हसली आणि घरी येईपर्यंत मला 'दुसरे अर्जदार' म्हणून हाका मारत राहिली.

साहेबांनी कर्जाचा विमाही घ्या म्हणून सुचवलं. बायको म्हणाली, "घेऊ या की." मी नको म्हटलं. दोघेही ठणठणीत, कशाला फुकट पैसे घालवायचे? त्या पैशांत आम्ही ओट्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या करून घेतल्या. ट्रॉल्या चांगल्या निघाल्या. अजून कुरकुरत नाहीत.

तीन वर्षांनी एका मंगळवारी ती ऑफिसात डोकं दुखतंय म्हणून टेबलावर टेकली आणि शुक्रवारी गेली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. यापुढे त्या चार दिवसांबद्दल मी लिहू शकत नाही, आणि या लिहिण्यात त्यांची जागाही नाही.

दहावा झाल्यावर कामावर परत गेलो तेव्हा कॅंटीनमध्ये एकाने मला बाजूला घेतलं. त्याच्या कोण्या चुलत मेहुण्याचं असंच झालं होतं म्हणे. "पहिला कर्जदार गेला की बँक सगळी रक्कम एकदम मागते. नाही भरली की दाराला सील. तुझ्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसत असेल तर प्रश्नच नाही म्हणा." तो वरणात भात कालवत हे सांगत होता. माझा घास तोंडातच राहिला. ते साहेबांचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं.

बँकेत जाऊन नीट विचारायला हवं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण विचारायला जायचं म्हणजे सांगायला जायचं. सांगितलं आणि कॅंटीनमधला खरा निघाला तर? नऊ वर्षांची पोर घेऊन मी कुठे जाणार होतो? आईवडील नाहीत, भाऊ नाशिकला दोन खोल्यांत राहणारा. मी ठरवलं की हप्ता वेळेवर भरायचा आणि गप्प बसायचं. हप्ता आमच्या दोघांच्या जोडखात्यातून आपोआप कापला जायचा. खात्यात पैसे असले की बँकेला माणूस लागत नाही, हे माझ्या लवकरच लक्षात आलं.

तेराव्याला मेहुणी बायकोचा मोठा फोटो फ्रेम करून घेऊन आली. हारही आणला होता. हॉलमध्ये दारासमोरच्या भिंतीवर लावायचा असं तिचं ठरलेलं होतं, कारण सगळे तिथेच लावतात. मी हातात हातोडी घेऊन उभा राहिलो आणि मला दिसलं की बेल वाजते, मी दार उघडतो, बँकेचा माणूस उंबऱ्यात उभा आहे आणि त्याला समोर हार घातलेला फोटो दिसतोय.

"भिंत कच्ची आहे," मी म्हणालो. "खिळा धरत नाही."

मेहुणीने भिंतीवर बोटाची गाठ वाजवून पाहिली. "चांगली ठणठणीत आहे," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. फोटो आतल्या खोलीत कपाटात गेला, साड्यांच्या वर. मेहुणी त्यानंतर माझ्याशी दीड वर्ष बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मुलीला सांगणं त्याहून अवघड होतं. एका रविवारी सकाळी तिच्या वेण्या घालताना, म्हणजे माझं तोंड तिला दिसत नव्हतं तेव्हा, मी सांगितलं. "बँकेचा फोन आला आणि आई कुठेय विचारलं, तर बाहेर गेलीय म्हणायचं."

ती म्हणाली, "कुठे बाहेर?"

"नुसतं बाहेर."

"कधी येणार विचारलं तर?"

"संध्याकाळी म्हण," मी म्हणालो. मग तिला कारणही सांगितलं, नाहीतर ती विसरेल अशी मला धास्ती. "बँकेला कळलं तर आपलं घर जाईल." वेणी वाकडी झाली होती, तरी ती तशीच शाळेच्या गॅदरिंगच्या तालमीला गेली.

बायकोचा फोन मी चालू ठेवला. कर्जखात्याचा पासवर्ड बदलायचा, पैसे भरायचे, सगळ्याचे निरोप त्याच नंबरावर यायचे. दर महिन्याला मी त्याचं रिचार्ज करत होतो. तो टीव्हीशेजारी चार्जरला लावलेला असायचा. तिच्या वाढदिवसाला सकाळी नऊ वाजता बँकेकडून न चुकता शुभेच्छा यायच्या, आपल्याला उदंड आयुष्य लाभो. पहिल्या वर्षी ते वाचून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. पुढच्या वर्षांत सवय झाली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी त्या दिवशी सकाळी साडेआठलाच घर सोडू लागलो.

मग एकदा ग्राहकाची माहिती अद्ययावत करण्याचा निरोप आला. नावात, पत्त्यात, इतर तपशिलांत बदल नसेल तर अमुक अक्षरं लिहून उत्तर पाठवा. मी तो निरोप चार दिवस वाचत होतो. पाचव्या दिवशी हडपसरच्या बसमध्ये, गर्दीत एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हाताने तिच्या फोनवरून कळवलं की काहीही बदल नाही.

बँकेतून बायकोला येणारे फोन साधारण वर्षभर येत राहिले. कर्ज वाढवून हवंय का, कार्ड हवंय का. मॅडम मीटिंगमध्ये आहेत, मॅडम प्रवासात आहेत, मॅडमना घसा बसल्यामुळे बोलता येत नाही. हे शेवटचं मी खरोखर म्हणालो आहे. मग एके दिवशी फोन थांबले. तुम्हाला वाटेल मी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. मी जास्त घाबरलो. विचारणारा माणूस विचारायचा थांबला तर त्याला काहीतरी कळलेलं असतं. कर्ज लवकर फेडायचं मी त्या आठवड्यात ठरवलं. वीस वर्षं असं जगता येणार नाही हे मला कळून चुकलं होतं. कर्ज संपलं की घर आपलं. मग कोणाला काय कळायचं ते कळो.

सुट्टीच्या दिवशी मी मंडईजवळच्या एका वजनकाट्यांच्या दुकानात काम धरलं. भाजीवाले, फळवाले, किराणावाले यांचे काटे तिथे दुरुस्तीला येतात. काट्यांची दर वर्षी सरकारी तपासणी करून शिक्का घ्यावा लागतो, त्याआधी ते नीट करून देणं हे दुकानाचं काम. मालक मुसलमान, चार पिढ्या पुण्यातच गेलेल्या, सगळी मंडई त्यांना चाचा म्हणायची. त्यांचं मराठी माझ्याहून शुद्ध आणि जीभ माझ्याहून तिखट. पहिल्या दिवशी मी एक काटा तीन तास घेऊन बसलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, यावर कांदे मोजायचेत. सोनं नाही."

मी मोटरसायकल विकली आणि वारजे ते हडपसर बसने जाऊ लागलो. जाताना दीड तास, येताना दीड तास. दिवाळीचा बोनस आला की दुसऱ्या दिवशी बँकेत. भविष्यनिर्वाह निधीतून घरासाठी उचल मिळते, ती काढली. वर्षातून दोनदा जास्तीची रक्कम भरायला मी शाखेत जायचो. काउंटरवरचा माणूस अर्ज वाचून विचारायचा, "पहिल्या अर्जदाराची सही?" मी म्हणायचो, "गावाला गेल्यात." तो म्हणायचा, "चालेल. पैसे भरायला सही कशाला?" इतकं सोपं होतं. तरी बाहेर येऊन मी पायरीवर दोन मिनिटं बसल्याशिवाय मला चालता यायचं नाही.

माझी मुलगी या सगळ्यात फार शहाण्यासारखी वागली, असं सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायचो. तिने कधी काही मागितलं नाही. शाळेची सहल कोकणात जाणार होती तेव्हा मीच विचारलं, तर म्हणाली, "मला गाडी लागते." तिला गाडी लागत नाही. मला ते माहीत होतं आणि मी ते मान्य करून टाकलं, कारण सहलीचे पैसे वाचले.

एका वर्षी दुपारी बेल वाजली. दारात हातात फाइल घेतलेल्या बाई होत्या. बाईंनी फाइल उघडून बायकोचं पूर्ण नाव वाचलं आणि विचारलं, "या इथेच राहतात ना?"

"हो," मी म्हणालो. "इथेच. बाहेर गेल्यात."

बाईंनी नावासमोर बरोबरची खूण केली आणि शेजारच्या दाराकडे वळल्या. त्या मतदारयादी तपासायला आलेल्या शाळेतल्या शिक्षिका होत्या. त्यामुळे आमच्या मंडळी मतदारयादीत पुढेही नांदत राहिल्या. मतदानाच्या दिवशी केंद्रावरच्या माणसाने यादीवर बोट ठेवून, "मिसेस नाही आल्या?" विचारलं तेव्हा मी शाई लावलेलं बोट खिशात घालून पळालो. आता हसू येतं. तेव्हा मला सरळ तुरुंग दिसत होता.

चाचांना मी सांगितलं ते सहाव्या वर्षी. कोणाला तरी सांगायला हवंच होतं. त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, सगळं ऐकून घेतलं.

"व्याजाच्या वाटेला आम्ही जात नाही, त्यामुळे बँकेचं मला विचारू नका," ते म्हणाले. "पण हे भाजीवाले बघा. ज्याच्या काट्यावर शिक्का नाही तो दिवसभर इन्स्पेक्टरची वाट बघतो. शिक्का घ्यायला लागते एक सकाळ. पण नाही. वर्षभर घाबरतील, सकाळ देणार नाहीत. उद्या बँकेत जाऊन या."

"उद्या कामावर जायचंय."

"तेच म्हणालो मी," चाचा म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

मी गेलो नाही. त्याच सुमारास कारखान्याचा एक विभाग गुजरातला हलणार अशी कुजबुज सुरू झाली होती आणि माझ्या रांगेतल्या तिघांना घरी पाठवलं होतं. नोकरी गेली, हप्ता चुकला, तर बँक पहिल्यांदा कोणाला फोन करणार? मॅडमना. हा विचार मी इतक्या वेळा केला की मला तो फोन वाजताना ऐकू यायचा. मी आणखी काम वाढवलं. संध्याकाळी घरी काटे आणून दुरुस्त करू लागलो. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला मुलीची पुस्तकं आणि दुसऱ्या बाजूला उघडलेले काटे. आम्ही एकमेकांशी फार बोलत नव्हतो. मला वाटायचं तिचा अभ्यास मोडू नये.

शेवटची रक्कम मी गेल्या वर्षी भरली. वीस वर्षांचं कर्ज तेराव्या वर्षी संपलं. स्क्रीनवर बाकी शून्य दिसली आणि मी वाट बघत बसलो की आता आनंद होईल. त्याऐवजी तिच्या फोनवर निरोप आला. अभिनंदन, आपल्या घराची मूळ कागदपत्रं नेण्यासाठी पहिल्या अर्जदाराने ओळखपत्रासह शाखेत समक्ष उपस्थित राहावं.

समक्ष. दहा वर्षं मी जे टाळत आलो होतो ते पैसे भरून टळणार नव्हतंच. पैसे भरल्यामुळेच ते समोर आलं होतं. करारनामा, आधीच्या व्यवहारांचे कागद, सगळं बँकेच्या तिजोरीत होतं. कर्ज फिटलं होतं, पण कागद नसतील तर घर माझं आहे हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यातून मी दहा वर्षं बँकेला फसवलं होतं. आता ते विचारतील, कागद देणार नाहीत, वर पोलिसांत देतील. मी मोजमापं तपासणारा माणूस, पण या भीतीचं माप मला कधी घेता आलं नाही. दोन आठवडे मी काहीच केलं नाही.

मग एका सकाळी कामावर अर्धी रजा टाकून शाखेत गेलो. आत जायचं धैर्य झालं नाही, म्हणून काचेवर लावलेला सूचनांचा कागद वाचत उभा राहिलो. कागदपत्रं परत घेण्यासाठी काय काय आणावं याची यादी होती. पाचवी ओळ अशी होती: अर्जदार हयात नसल्यास मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सर्व सज्ञान वारसांची उपस्थिती.

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. छापील होती. माणसं मरतात हे बँकेला माहीत होतं, त्यांनी त्यासाठी एक ओळ छापून काचेला चिकटवली होती. कागद पिवळा पडलेला होता, म्हणजे कित्येक वर्षं तो तिथेच असणार. पैसे भरायला येताना मी त्याच्या शेजारून आत जात होतो.

सज्ञान वारस म्हणजे माझी मुलगी. ती आता एकोणीस वर्षांची, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. मी घरी जाऊन तिला सांगितलं की सोमवारी बँकेत यावं लागेल, आईचे कागद आहेत, तुझी सही लागेल. ती केस विंचरत होती. कंगवा केसांतच थांबला.

"मला यायलाच हवं का?"

"हो. समक्ष."

"त्यांना काय सांगणार आहेस?"

"खरं ते सांगणार आहे," मी म्हणालो. तिने कंगवा बाजूला ठेवला आणि वेणी न घालताच पुस्तक उघडलं. परीक्षा जवळ आली होती, मला वाटलं तिला त्याची काळजी आहे.

सोमवारी काउंटरपलीकडे तिशीतल्या एक अधिकारी बाई होत्या. आम्ही दोघं समोर बसलो. मुलीने कागदांची फाइल मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. मृत्यूचा दाखला काढून मी काउंटरवर ठेवला आणि म्हणालो, "पहिल्या अर्जदार, म्हणजे माझी पत्नी, त्या हयात नाहीत."

हे वाक्य मी बँकेच्या छपराखाली पहिल्यांदा बोललो.

अधिकारी मॅडमनी दाखल्यावरची तारीख वाचली. "दहा वर्षं झाली की."

"हो. मी कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. चूक माझी आहे, मुलीचा काही संबंध नाही. तुम्ही जी कारवाई कराल ती..."

"एक मिनिट हं," त्या म्हणाल्या आणि स्क्रीनकडे वळल्या. बराच वेळ खाली खाली जात राहिल्या. मग चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "पण कळवलंय की आपण. शेरा आहे इथे." आणि त्यांनी वाचून दाखवलं. "अर्जदार मयत असल्याचे दूरध्वनीवरून समजले. माहिती देणारी व्यक्ती, मुलगी. हप्ते नियमित. नऊ वर्षांपूर्वीचा आहे शेरा. तेव्हाच आपल्याकडून दाखला मागवायला हवा होता, तो कोणी मागवला नाही. ते आमच्याकडचं राहिलंय. हप्ते येत होते, म्हणून कोणी बघितलं नसणार."

"पण मग घर... पगारावर कर्ज बसत नसताना..."

"हप्ते नियमित म्हटल्यावर घराला काय होणार?" त्या म्हणाल्या. "सह्या कुठे करायच्या तिथे मी पेन्सिलने फुल्या करून देते."

मला हसावंसं वाटलं, नंतर संताप आला, कोणाचा ते कळलं नाही. मग मी मुलीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती मॅडमकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "मी मुद्दाम नव्हतं सांगितलं."

तिने फुल्यांवर सह्या केल्या. दोन सह्या एकमेकींसारख्या आल्या नाहीत. मॅडमनी चालवून घेतल्या. कागदांचा जाड लखोटा मिळाला. आम्ही बाहेर आलो आणि ती पायरीवर बसली, बरोबर मी दर वेळी बसायचो तिथे. मीही बसलो.

तेव्हा ती चौथीतून पाचवीत गेली होती, असं ती सांगू लागली. दुपारी शाळेतून आल्यावर फोन वाजला. ती म्हणाली, आई बाहेर गेलीय. पलीकडच्या बाई म्हणाल्या, कधी येईल गं बाळा? तिला संध्याकाळी म्हणायचं होतं. "पण त्या इतक्या प्रेमाने बोलल्या ना," ती म्हणाली, "मला एकदम रडू आलं. मी म्हटलं, ती येणारच नाहीये, ती वारली. मग त्या म्हणाल्या, जपून राहा हं. आणि फोन ठेवला."

त्यानंतर फोन थांबले. तिला कळलं की आता घर जाणार, आणि तिच्यामुळे जाणार. शाळेतून येताना जिन्याच्या वळणावर ती डोळे मिटायची आणि मग उघडून बघायची, दाराला सील लावलंय का. रोज. कॉलेजात गेल्यावरसुद्धा. आता तिला कर्ज, वारस, तारण सगळं कळतं, परीक्षेत त्याची उत्तरं लिहिते, तरी जिन्याच्या वळणावर ती थांबतेच.

"तू गाडी विकलीस तेव्हा मला वाटलं बँकेने तुला धमकी दिली असणार," ती म्हणाली. "मग मंडईतलं काम घेतलंस. घरी काटे आणायला लागलास. मला वाटायचं, मी एक वाक्य बोलले त्याचं हे सगळं. म्हणून मी काही मागायचे नाही."

मला तिला सांगायचं होतं की तुझ्यामुळे काहीच झालं नाही, आपल्या घरात तू एकटीच खरं बोललीस आणि तेवढंच आपल्याला तारायला पुरेसं होतं. पण ते सगळं एका दमात जुळेना. मी एवढंच म्हणालो, "मला का नाही सांगितलंस गं?"

तिने डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं, फार मायेने, एखाद्या लहान पोराकडे बघावं तसं.

"तू आधीच इतका घाबरलेला असायचास, बाबा."

मी लखोटा बाजूला ठेवला आणि तिला जवळ घेतलं. ती मोठ्याने रडायला लागली. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती, मी रडू दिलं नव्हतं. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी पाय वाचवत आत-बाहेर करत होती. बँकेचा रखवालदार दार उघडून आला आणि म्हणाला, "अहो, पायरीवर बसू नका. लोकांनी जायचं कुठून?"

मी त्याला म्हणालो, "बाजूने." आणि आम्ही तिथेच बसून राहिलो.